छोट्या जातीचे शुद्ध कुत्रे : पिल्लू घेण्यापूर्वी आणि पैदास करण्यापूर्वी

शेळी, कोंबडी, ससे यांच्या बरोबरीने ‘कुत्र्यांची पैदास’ हाही जोडधंदा होऊ शकतो का, अशी विचारणा गावोगावचे तरुण शेतकरी अलीकडे करतात. विचारणा बहुतेक वेळा छोट्या जातींविषयी असते : पॉमेरेनियन, पग, डॅक्सहुंड, शिह त्झू. जागा कमी लागते, खाणे कमी लागते, शहरात मागणी आहे, असा त्यामागचा हिशेब असतो. काही जणांना धंदा करायचा नसतो, मुलांच्या हौसेसाठी एक पिल्लू घरी आणायचे असते. दोघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती येथे दिली आहे. कृषी सहायक आणि पशुधन पर्यवेक्षक यांनाही असे प्रश्न विचारले जातात, त्यांनाही ती हाताशी असावी.

शुद्ध जातीचा कागद काय सांगतो

तुम्ही प्रमाणित बियाण्याची पिशवी घेता तेव्हा निळा टॅग पाहता. पिशवीवर वाणाच्या शुद्धतेबरोबर उगवणशक्तीही लिहिलेली असते. कुत्र्याच्या बाबतीत टॅगच्या जागी वंशावळीचे प्रमाणपत्र असते. भारतात हे काम मुख्यतः चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडिया करतो. पिल्लाचे आईबाप, आजे-पणजे कोण, त्यांच्या नोंदी कोणत्या, हे त्यावरून कळते. मात्र या कागदावर उगवणशक्तीचा रकाना नाही. आईचे गुडघे बरे आहेत का, बापाला श्वास नीट घेता येतो का, मागच्या वेतातली किती पिल्ले जगली, यातले काहीही त्यावर नसते. ‘पेपरवाले पिल्लू’ म्हणून जास्त पैसे मोजणारा ग्राहक बहुधा आरोग्याची खात्री विकत घेतल्याच्या समजुतीत असतो. कागदाने खात्री मिळते ती फक्त वंशाची, आणि तीही कागद खरा असेल आणि त्यावरचा मायक्रोचिपचा क्रमांक पिल्लाच्या अंगातल्या चिपशी जुळत असेल तरच. चिप वाचण्याचे यंत्र पशुवैद्यकाकडे असते. पैसे देण्याआधी क्रमांक ताडून घ्यावा.

नावाचा घोळही समजून घ्या. महाराष्ट्रात ज्याला सरसकट ‘पॉमेरेनियन’ म्हणतात तो पांढरा, टोकदार तोंडाचा कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ चित्रपटातला टफी याच जातीचा. खरा पॉमेरेनियन साधारण दोन-तीन किलोचा असतो, तर लहान चणीचा स्पिट्झ पाच-सात किलोपर्यंत जातो. स्पिट्झ आपल्या हवेत कित्येक पिढ्या वाढला आहे आणि केनेल क्लबने मान्य केलेली ती स्वतंत्र जात आहे. तो कमी प्रतीचा मुळीच नाही. शेतावरच्या घरी छोटा कुत्रा हवाच असेल तर माझी पहिली शिफारस त्याचीच असते. फसवणूक होते ती स्पिट्झचे पिल्लू पॉमेरेनियनच्या भावात विकण्यात.

लहान आकारामागचे दोष

गायीचे दूध वाढवण्यासाठी निवड केली की त्या निवडीबरोबर काही दोषही येतात, हे तुम्हाला माहीत आहे. कुत्र्यात निवड आकाराची आणि चेहऱ्याची झाली. त्यामुळे प्रत्येक छोट्या जातीचा एखादा ठरलेला कमकुवत अवयव असतो.

पगचे पाहा. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग दिसला आणि देशभर या जातीची मागणी वाढली. पगचे नाक इतके आत दाबलेले असते की कवटी आखूड झाली तरी आतला मऊ टाळू आणि मांस तेवढेच राहते आणि श्वासाची वाट अडते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला धापच नीट टाकता येत नाही त्याला विदर्भ-मराठवाड्यातल्या ४२-४४ अंशांच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. झोपेत घोरणारा पग लोकांना गोंडस वाटतो, पण जागेपणी बसल्याजागी घरघरणारा पग आजारी आहे असेच समजावे. नेदरलँड्सने २०१९ मध्ये नियम कडक केले : नाकाची लांबी डोक्याच्या लांबीच्या किमान एक-तृतीयांश नसेल तर त्या कुत्र्यापासून पैदास करायची नाही. आपल्याकडे असा नियम नाही, पण जोडी निवडताना हेच माप लावायला कोणी अडवलेले नाही. शिवाय पगच्या पिल्लांचे डोके मोठे आणि मादीची कंबर अरुंद, त्यामुळे मादी विताना अडण्याचे आणि सिझेरियनची वेळ येण्याचे प्रमाण जास्त असते.

पॉमेरेनियनमध्ये गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष आढळतो. चालता चालता कुत्रा मागचा एक पाय उचलतो, दोन-तीन पावले तीन पायांवर उड्या मारतो आणि परत नीट चालू लागतो. विकणारा ‘खेळतोय’ म्हणतो. हा दोष वंशातून येतो, म्हणून अशा नर-मादीपासून पिल्ले घेऊ नयेत. याच जातीत श्वासनलिका ढिली पडून बदकासारखा खोकला येतो. गळ्यात पट्टा घालून ओढण्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. डॅक्सहुंडची पाठ लांब आणि पाय आखूड, त्यामुळे मणक्यातली चकती सरकून मागचे पाय लुळे पडू शकतात. त्याला जाडे होऊ देऊ नये आणि जिना चढवू नये. शिह त्झूचे डोळे बाहेर आलेले असतात, धुळीच्या जागी त्यांना जखमा होतात. बहुतेक सर्व छोट्या जातींत दुधाचे दात न पडता नव्या दातांशेजारी राहतात आणि तिथे कीड धरते.

‘टी-कप’ नावाने जे पिल्लू विकले जाते ती स्वतंत्र जात नाही. वेतातले सगळ्यात खुरटे पिल्लू खुरट्याशी जुळवून, किंवा पिल्लाला उपाशी ठेवून, किंवा वय कमी असताना जास्त सांगून ते तयार होते. कोंबडीच्या खुरट्या पिलाला आपण जास्त भाव देत नाही. येथे मात्र खुरटेपणाच विकला जातो. अशा पिल्लाची टाळू उघडी राहिलेली असू शकते, आणि एक जेवण चुकले तरी रक्तातली साखर उतरून ते निपचित पडते. ते घेऊ नये, आणि त्याची पैदास करण्याच्या भानगडीत तर पडूच नये.

पिल्लू पाहायला जाताना

पहिली अट वयाची. आठ आठवडे, म्हणजे ५६ दिवस पूर्ण होण्याआधी पिल्लू विकणे नियमाविरुद्ध आहे. तरीही ‘४० दिवसांचे पिल्लू तयार’ अशा जाहिराती सर्रास दिसतात. अशी जाहिरात देणारा विक्रेता स्वतःच स्वतःविषयी सांगून टाकतो, पुढे चौकशी करायची गरज नाही. सहा ते आठ आठवडे या काळात पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा, कोणाला घाबरायचे नाही, हे शिकते. लवकर तोडलेले पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे होण्याची शक्यता जास्त.

दुसरी अट : आई दाखवा. नर दुसऱ्या गावचा असू शकतो, पण आई पिल्लांजवळच असायला हवी. तिची कास, तिचे अंग, अनोळखी माणूस आल्यावर तिचे वागणे पाहा. आई माणसाला पाहून कोपऱ्यात दडत असेल तर पिल्लांकडून धीटपणाची अपेक्षा करू नका. ‘आई गावी आहे’, ‘तुम्ही हायवेला या, मी पिल्लू घेऊन येतो’ असे उत्तर आले तर परत फिरा. फोटो पाहून आगाऊ रक्कम पाठवणे आणि बसच्या डिकीतून पिल्लू मागवणे, हे दोन्ही टाळा.

पिल्लू जमिनीवर सोडून चालताना पाहा. नाक-डोळे कोरडे, हिरड्या गुलाबी, पोट गोल पण तट्ट फुगलेले नाही, शेपटीखाली हगवणीचे डाग नाहीत, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. तट्ट फुगलेले पोट म्हणजे जंत. जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू होऊन साधारण दर पंधरा दिवसांनी दिलेले असले पाहिजे. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. लसीच्या पुस्तिकेत बाटलीवरचे लेबल चिकटवलेले, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेला शिक्का हवा. नुसती पेनाने लिहिलेली तारीख ग्राह्य धरू नका.

तुमच्या अंगणात मागच्या वर्षभरात एखादे पिल्लू रक्ती हगवणीने गेले असेल तर ते बहुधा पार्व्हो होते. हा विषाणू सावलीच्या मातीत कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाईलने मरत नाही. ब्लीचिंगच्या द्रावणाने फरशी, भांडी धुवा आणि लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत नवे पिल्लू त्या मातीवर सोडू नका.

धंद्याचा हिशेब नियमातून सुरू होतो

१९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम केले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, मग कुत्र्या दोनच असोत. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिला नर दाखवायचा नाही. आठ वर्षांनंतर तिच्यापासून वेत घ्यायचे नाही. बारा महिन्यांत एकच वेत, लागोपाठ दोन माजांत नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते नाहीत. जुळवणीआधी दोन्ही जनावरे निरोगी असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप हवी. सहा महिन्यांपुढचा कुत्रा निर्बीजीकरण न करता विकता येतो तो फक्त दुसऱ्या नोंदणीकृत पैदासकाराला. दुकानातून विक्री करायची तर त्यासाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. परदेशातून पैदाशीसाठी कुत्रे आणण्यावर २०१६ पासून निर्बंध आहेत, तेव्हा ‘इम्पोर्ट लाइन’ हा शब्द ऐकला की कागद मागा.

आता हिशेब करा. पॉमेरेनियन मादीला एका वेताला एक ते चार पिल्ले होतात, सरासरी दोन-तीन धरा. जास्तीत जास्त पाच वेते म्हणजे एका मादीपासून आयुष्यभरात दहा ते पंधरा पिल्ले, आणि त्यातली काही जगत नाहीत. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘प्रकल्प अहवालां’त वर्षाला दोन वेते आणि प्रत्येकी पाच पिल्ले धरलेली असतात. पहिला आकडा नियमाविरुद्ध आहे, दुसरा छोट्या जातीत क्वचितच मिळतो. त्यात एखादे सिझेरियन आले तर त्या वेताचा नफा तिथेच संपतो. मादी मात्र बारा-पंधरा वर्षे जगते आणि तुमच्याकडे खाते. हा हिशेब मांडूनही ज्याला रस उरतो, त्याने पुढचे वाचावे.

जोडी जुळवताना

कृत्रिम रेतन करताना एकाच वळूचे रेत त्याच्या मुलींना वापरू नये, हे पशुपालकाला सांगावे लागत नाही. कुत्र्यात हाच नियम सर्रास मोडला जातो, कारण तालुक्यात त्या जातीचा नर एकच असतो. बाप-मुलगी किंवा सख्खे भाऊ-बहीण यांच्या पिल्लात अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के येते. म्हणजे कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता चारात एक. सावत्र भावंडे किंवा आजा-नात यांत ते साडेबारा टक्के. जवळच्या नात्यातली जुळवणी २०१७ च्या नियमांनीही बंद केली आहे. किमान तीन पिढ्यांची वंशावळ शेजारी शेजारी ठेवून एकच नाव दोन्ही बाजूंना येते का पाहा. वंशावळीचा कागद खऱ्या अर्थाने कामाला येतो तो येथे.

नर भाड्याने आणताना ब्रुसेल्लाची तपासणी मागा. गायीतल्या सांसर्गिक गर्भपाताचा हा भाऊबंद. तो कुत्र्यातून कुत्र्यात समागमाने जातो आणि माणसालाही होऊ शकतो. शिरवळ, परभणी, उदगीर, अकोला, नागपूर, मुंबई येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत तपासणीविषयी विचारणा करता येईल.

माज साधारण तीन आठवडे चालतो. हे पूर्ण तीन आठवडे मादीला बंदिस्त ठेवावे. गावातला मोठा कुत्रा लागला तर छोटी मादी विताना अडण्याचा धोका आहे, आणि एकाच वेतात दोन बापांची पिल्लेही होऊ शकतात. समागमानंतर नर-मादी दहा-वीस मिनिटे अडकून राहतात. त्यांना ओढून वेगळे करू नये.

गाभणपण, वेत आणि कॅल्शियमची बाटली

कुत्री साधारण ६३ दिवसांत विते. पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढला की पिल्ले किती ते मोजता येतात आणि शेवटचे पिल्लू आत राहिले का, हा प्रश्न उरत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते चांगल्या हेतूने. गाभण कुत्रीला ‘ताकद यावी’ म्हणून गोठ्यातली कॅल्शियमची बाटली रोज पाजली जाते. बाहेरून आयते कॅल्शियम मिळत राहिले की हाडातले कॅल्शियम रक्तात सोडण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते. व्याल्यावर दुधातून एकदम मागणी वाढते तेव्हा ती यंत्रणा जागी होत नाही. हाच प्रकार भाकड काळात जास्त कॅल्शियम दिलेल्या गायीत दुग्धज्वराच्या रूपाने तुम्ही पाहता. फरक एवढा की गाय थंड पडून बसते, तर कुत्रीला ताप चढतो. ती धापा टाकते, अस्वस्थ फेऱ्या मारते, पाय ताठ होतात, अंग थरथरते आणि झटके येतात. छोट्या जातीत, व्याल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत, हे विशेषकरून होते. पिल्ले लगेच बाजूला काढून कुत्रीला तासाभरात डॉक्टरकडे पोहोचवले तर शिरेतून कॅल्शियम देऊन ती वाचते. घरी इंजेक्शन टोचू नका. वेगाने गेलेले कॅल्शियम हृदय थांबवते. गाभणपणात पिल्लांसाठीचे चांगले खाद्य शेवटच्या तीन आठवड्यांत वाढवत न्यावे. वेगळे कॅल्शियम डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये.

विण्याच्या आदल्या दिवशी कुत्रीचे तापमान ३७ अंशांच्या आसपास उतरते. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेला, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव आला, तर वाट पाहू नये. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन गावात सहज मिळते, म्हणूनच बजावून सांगतो : पिल्लू आडवे अडले असताना ते दिले तर गर्भाशय फाटते.

पॉमेरेनियनचे पिल्लू जन्मतः शंभर-दीडशे ग्रॅमचे असते. पहिले दोन आठवडे त्याला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात खोक्यात ३० अंशांच्या आसपास ऊब हवी, आणि ऊब नको झाली तर सरकून जायला थंड कोपराही हवा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. एक दिवस वजन वाढले नाही तर लक्ष द्या, घटले तर डॉक्टरांना दाखवा. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, दूध नंतर. गार पोटात दूध पचत नाही.

शेतावरचे धोके

जे पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला पचून जाते ते दोन किलोच्या कुत्र्याला जड जाते. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. नाशिक-सांगलीकडच्या घरांत हे दोन्ही पायाशी पडलेले असते. उंदराचे औषध, गोगलगायीचे आमिष, फवारणीचा रिकामा डबा कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही असा ठेवा. जनावरांवर लावायचे गोचीडनाशक छोट्या कुत्र्याला अंदाजाने लावू नका; पिल्लांना आणि गाभण मादीला तर मुळीच नाही. आणि जुन्नर-आंबेगावसारख्या उसाच्या पट्ट्यात, जिथे बिबट्याचा वावर आहे, तिथे छोटा कुत्रा रात्री ओसरीवर बांधू नये. राखणीसाठी कुत्रा हवा असेल तर या जातींकडे वळूच नका.

विक्री आणि म्हातारी मादी

पिल्लू देताना साध्या कागदावर करार करा : चिप क्रमांक, जन्मतारीख, दिलेल्या लसी, आईबापांचे तुम्हाला माहीत असलेले दोष, आणि घेणाऱ्याला सांभाळणे जमले नाही तर पिल्लू तुमच्याकडे परत येईल ही अट. परत घेण्याची तयारी नसेल तर तेवढी पिल्ले काढू नका.

पैदाशीतून निवृत्त झालेल्या मादीचे निर्बीजीकरण करून घ्या. न केल्यास माजानंतर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. ती जास्त पाणी पिऊ लागते, खाणे सोडते, पोट वाढते. स्राव दिसतोच असे नाही. मोठ्या वयाच्या मादीत ही लक्षणे दिसली तर ‘उन्हाळ्यामुळे पाणी पिते’ असे समजून दोन दिवस घालवू नका, त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या.